वेबसेवांची शिफारस : वर्णन आणि वापर

एका संगणकावरील आज्ञावलीने दुसऱ्या, बहुधा दूरस्थ, संगणकावरील आज्ञावलीस इंटरनेटवरून एखादे काम सांगावे व तिचे उत्तर घेऊन आपले काम पुढे चालवावे, अशी जी व्यवस्था असते तिला वेबसेवा ही संज्ञा आहे. प्रवासाचे तिकीट विकणाऱ्या एखाद्या संस्थेच्या पडद्यावर गंतव्य शहराचे हवामान दिसते, तिकिटाचे पैसे बँकेतून वळते होतात आणि पाठोपाठ प्रवाशाच्या मोबाइलवर संदेश येतो. ही तिन्ही कामे ती संस्था बहुधा स्वतः करीत नाही. ती निराळ्या संस्थांच्या वेबसेवांकडून करवून घेतलेली असतात. प्रवाशास याची वार्ता नसते. वेबसेवेचा खरा ग्राहक प्रवासी नव्हे, तर तिकिटांची आज्ञावली रचणारा रचनाकार होय, आणि प्रस्तुत लेखात 'ग्राहक' हा शब्द याच अर्थाने योजिला आहे.

हवामान सांगणाऱ्या सेवा एक नाही, अनेक आहेत. पैसे वळते करणाऱ्या, नकाशा दाखविणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या सेवांचेही तसेच. त्यांतून निवड कशी करावयाची, हा प्रश्न वरवर पाहता बाजारहाटाइतका साधा वाटतो; परंतु निवड चुकली तर तिचे परिणाम साधे नसतात. एखादे काम पाच सेवांच्या साखळीतून पार पडत असेल आणि त्यांतील प्रत्येक सेवा शंभरांपैकी नव्याण्णव वेळा उत्तर देत असेल, तर संपूर्ण साखळी शंभरांपैकी सुमारे पंचाण्णव वेळाच शेवटास जाते. प्रत्येक सेवा शंभरांपैकी पंचाण्णव वेळा उत्तर देणारी निघाली, तर साखळी तेवीस वेळा तुटते. दर चौथ्या-पाचव्या प्रवाशाचे तिकीट अडकले म्हणजे काय होते, हे कोणत्याही तिकीट-खिडकीवर उभे राहिलेल्या मनुष्यास सांगावयास नको. म्हणून कोणत्या ग्राहकास कोणती सेवा सुचवावी हे ठरविण्याच्या पद्धती गेल्या दोन दशकांत शोधल्या गेल्या. त्यांतील बहुतेक पद्धती यंत्राध्ययनाच्या, म्हणजे पूर्वीच्या उदाहरणांवरून यंत्राने स्वतः नियम काढावयाच्या, वर्गातील आहेत. या पद्धतींचा भाषाशास्त्राशी असलेला संबंध पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तो जुना आणि जवळचा आहे.

१. वर्णनावरून निवड

पहिला मार्ग अर्थातच वर्णनाचा होता. इसवी सन २००० मध्ये आयबीएम, मायक्रोसॉफ्ट व अरिबा या कंपन्यांनी पुढाकार घेऊन 'यूडीडीआय' या नावाची वेबसेवांची एक सार्वत्रिक नोंदवही योजिली. सेवा पुरविणाऱ्याने आपल्या सेवेचे वर्णन तीत नोंदवावे आणि गरजवंताने ते शोधून काढावे, अशी कल्पना होती. वर्णनासाठी 'डब्ल्यूएसडीएल' या नावाची एक काटेकोर लेखनपद्धतीही ठरली. कल्पना सुबक होती. परंतु ही सार्वजनिक नोंदवही जानेवारी २००६ मध्ये बंद करण्यात आली. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'प्रोग्रॅमेबलवेब' या सूचीत पुढे वीस हजारांहून अधिक सेवांची नोंद झाली. तीही २००३ नंतरच्या दोन दशकांच्या अखेरीस, म्हणजे २०२३ मध्ये, बंद पडली. या दोन्ही संग्रहांनी संशोधकांस मात्र विपुल सामग्री दिली.

या वर्णनांची भाषा मोठी चमत्कारिक असते. तीत वाक्ये थोडी आणि नावे फार. क्रियेचे नाव 'गेटवेदरबायसिटी' असे एका दमात लिहिलेले असते. शब्दांमध्ये जागा नाही, जोडचिन्ह नाही. यंत्रास प्रथम या लांबलचक समासाचा विग्रह करावा लागतो : आण, हवामान, द्वारा, शहर. संस्कृत समासाच्या विग्रहात विभक्ती कोणती मानावी याची जी अडचण येते, तिचीच ही धाकटी बहीण. सुदैवाने येथे प्रत्येक घटकशब्दाचे आद्याक्षर बहुधा मोठ्या लिपीत असल्याने यंत्राचे काम वैयाकरणाच्या कामापेक्षा सोपे होते.

विग्रह झाल्यावर शब्दांचे तोलमाप येते. सर्वच वर्णनांत आढळणारा शब्द निवडीच्या कामी निरुपयोगी असतो. 'सेवा' हा शब्द हजार वर्णनांपैकी हजारांत असेल, तर त्याने काहीही वेगळे होत नाही. 'भरती-ओहोटी' हा शब्द हजारांपैकी दहाच वर्णनांत असेल, तर तो बहुमोल होय. कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश विदुषीने १९७२ मध्ये मांडलेल्या मापानुसार एकूण वर्णनांच्या संख्येस तो शब्द असलेल्या वर्णनांच्या संख्येने भागावे व भागाकाराचा लॉगरिदम घ्यावा. दहाच्या पायावर हा हिशेब केला, तर 'सेवा' या शब्दाचे वजन शून्य आणि 'भरती-ओहोटी'चे वजन दोन येते. अशा वजनांची एक ओळ म्हणजे त्या वर्णनाचा सदिश. ग्राहकाच्या मागणीचाही असाच सदिश करून त्या दोहोंमधील कोन मोजला, की मागणीस जवळची सेवा कोणती ते कळते.

या रीतीची उणीव उघड आहे. एकाने 'हवामान' लिहिले आणि दुसऱ्याने 'तापमान' लिहिले, तर दोन्ही सदिशांत समान काहीच उरत नाही. या अडचणीवर उपाय सापडला तो शब्दाच्या परिसराकडे पाहून. झेलिग हॅरिस यांनी १९५४ मध्ये भाषेतील घटकांची ओळख त्यांच्या वितरणावरून, म्हणजे ते कोणकोणत्या परिसरांत येतात यावरून, करावी असे प्रतिपादन केले. त्याच दशकात, लाहोरच्या पंजाब विद्यापीठात काही वर्षे इंग्रजीचे अध्यापन केलेले जे. आर. फर्थ हेही शब्दाचा अर्थ त्याच्या सोबतच्या शब्दांत शोधीत होते. ज्या शब्दांचे शेजारी सारखे, त्यांचे अर्थ जवळचे, हे तत्त्व प्रत्यक्ष मोठ्या प्रमाणावर वापरण्याइतकी गणनशक्ती त्या काळी कोणाजवळ नव्हती. २०१३ मध्ये गूगल येथील संशोधकांनी 'वर्ड टू व्हेक' ही रीत प्रसिद्ध केली, आणि कोट्यवधी शब्दांच्या लेखनसंग्रहावरून प्रत्येक शब्दास काही शे अंकांचा सदिश देणे सुकर झाले. 'हवामान' आणि 'तापमान' हे शब्द मग एकमेकांच्या शेजारी येऊन बसतात. २०१८ नंतरच्या भाषा-प्रतिमानांनी तर संपूर्ण वाक्याच्या संदर्भात शब्दाचा सदिश काढण्याची सोय केली.

एवढे होऊनही वर्णन हे वर्णनच राहते. सेवा काय करते हे ते सांगते; कशी करते हे सांगत नाही. सांगितलेच, तर ते पुरविणाऱ्याच्या तोंडून सांगितलेले असते, आणि आपल्या मालास हलका म्हणणारा दुकानदार विरळाच. याहूनही मूलगामी अडचण अशी की, सेवेची गुणवत्ता हा केवळ त्या सेवेचा गुण नव्हेच. मुंबई व न्यूयॉर्क यांमधील अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश दर सेकंदास सुमारे दोन लक्ष किलोमीटर या वेगाने जातो. तेव्हा न्यूयॉर्क येथील यंत्र कितीही शीघ्र असले, तरी मुंबईहून गेलेला निरोप तेथे पोहोचून उत्तर परत येण्यास सेकंदाचा आठवा भाग लागणारच. आणि एका मागणीत असे हेलपाटे बहुधा अनेक असतात. न्यू जर्सीतील ग्राहकास जी सेवा उत्तम, तीच रत्नागिरीच्या ग्राहकास मंद वाटेल, आणि दोघांचेही म्हणणे खरे असेल. गुणवत्ता ही ग्राहक आणि सेवा या जोडीची असते. ती कोणत्याही एकाच्या वर्णनात मावत नाही.

२. शेजाऱ्यांवरून निवड

म्हणून दुसरा मार्ग निघाला : सेवेविषयी काय लिहिले आहे हे न पाहता, ती वापरणाऱ्यांस काय अनुभव आला ते पाहावयाचे. याचा उगम वेबसेवांत नाही. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९९२ मध्ये 'टॅपेस्ट्री' नावाची एक योजना झाली. टपालाच्या ढिगाऱ्यातून वाचनीय काय ते इतर वाचकांच्या अभिप्रायांवरून गाळून घेण्याची ती योजना. 'सहयोगी गाळणी' या संज्ञेचा जन्म तेथला. १९९४ मध्ये 'ग्रुपलेन्स' या योजनेने वृत्तचर्चेतील लेखांस वाचकांनी दिलेल्या गुणांवरून प्रत्येक वाचकाची आवड वर्तविण्याचे काम यंत्राकडे दिले. वेबसेवांच्या गुणवत्तेस ही रीत २००७ च्या सुमारास लावली गेली, आणि हाँगकाँगच्या चायनीज विद्यापीठातील संशोधकांनी २००९ पासून तिला भक्कम रूप दिले.

रीत समजण्यास एक लहान उदाहरण पुरेसे आहे. क, ख आणि ग असे तीन ग्राहक आहेत. पहिल्या तीन सेवांचा प्रतिसादकाल, म्हणजे मागणीपासून उत्तरापर्यंतचा वेळ, क यास अनुक्रमे ०.४, १.२ व ०.८ सेकंद आला. ख यास ०.६, १.४ व १.०, आणि ग यास १.५, ०.३ व ०.९. चौथी सेवा ख व ग यांनी वापरली आहे : ख यास ०.५ सेकंद लागले, ग यास २.०. क याने ती कधीच वापरलेली नाही. त्यास ती सुचवावी काय?

ख व ग यांची सरासरी घेतली तर १.२५ सेकंद येते, आणि सेवा टाकाऊ ठरते. परंतु सरासरीने येथे घोटाळा केला आहे. पहिल्या तीन सेवांवर क याची सरासरी ०.८; त्यापासून त्याचे अनुभव ०.४ ने कमी, ०.४ ने अधिक आणि बरोबर सरासरीइतके, असे आहेत. ख याची सरासरी १.०, त्याचेही फरक नेमके तेच. ग याचे फरक मात्र उलट दिशेचे : ०.६ ने अधिक, ०.६ ने कमी आणि शून्य. कार्ल पिअर्सन यांच्या सहसंबंध-गुणकाने मोजले तर क व ख यांचा सहसंबंध अधिक एक येतो, क व ग यांचा उणे एक. तेव्हा क याने ख याचा अनुभव प्रमाण मानावा. ख यास चौथी सेवा त्याच्या सरासरीहून ०.५ सेकंदाने शीघ्र वाटली; क याची सरासरी ०.८; म्हणून क यास ती ०.३ सेकंदात उत्तर देईल असा अंदाज. जी सेवा सरासरीने टाकाऊ ठरविली होती, तीच क याच्या दृष्टीने चौघींत पहिली ठरते.

येथे क आणि ख हे कोठे राहतात, कोणत्या तारेवरून जोडलेले आहेत, हे कोणी विचारलेले नाही. ते एकाच शहरात असतील, अथवा एकाच जालपुरवठादाराचे ग्राहक असतील. यंत्रास त्याची गरज पडली नाही. शेजार हा नकाशावरून न काढता अनुभवांच्या साम्यावरून काढला. हीच या रीतीची खरी शक्ती होय. पुढे काही संशोधकांनी नकाशाही हिशेबात घेतला व ग्राहकांचे देशवार किंवा जालवार गट केले. त्याने अंदाज सुधारतो, विशेषतः ज्याचे स्वतःचे अनुभव अगदी थोडे आहेत अशा नवख्या ग्राहकाच्या बाबतीत.

वरील उदाहरणात एक लबाडी दडलेली आहे, ती सांगितली पाहिजे. तीन अनुभवांवरून मिळालेला अधिक एक हा सहसंबंध निव्वळ योगायोगही असू शकेल. दोन ग्राहकांनी प्रत्येकी शंभर सेवा वापरल्या आणि त्यांत समाईक तीनच निघाल्या, तर त्या तिहींवरील मैत्रीस काय किंमत द्यावी? हाँगकाँगच्या संशोधकांचा उपाय असा : समाईक सेवांच्या दुपटीस दोघांच्या सेवांच्या बेरजेने भागावे आणि त्या अपूर्णांकाने सहसंबंध गुणावा. येथे सहा भागिले दोनशे, म्हणजे ०.०३. अधिक एकचा डौल तेथेच उतरतो.

दुसरा आक्षेप अधिक तात्त्विक आहे. चित्रपटास पाचांपैकी किती गुण द्यावयाचे हे देणाऱ्याच्या स्वभावावर असते. कोणी सढळ हाताचा, कोणी चिकट. प्रत्येकाची सरासरी वजा केली की हा स्वभावदोष निघून जातो, आणि म्हणून पिअर्सनचा गुणक तेथे शोभतो. प्रतिसादकाल हा काही स्वभावाचा भाग नव्हे. तो घड्याळाने मोजलेला आहे. ज्याची सरासरी मोठी, तो ग्राहक चिकट नसून त्याची तार मंद आहे. ती सरासरी वजा केल्याने एक खरी माहितीच फेकली जाते. चित्रपटांसाठी घडविलेले साधन जसेच्या तसे सेवांना लावण्याची घाई आरंभीच्या अनेक निबंधांत दिसते. नंतरच्या काही निबंधांनी या दोषाची दखल घेऊन निराळी मापे सुचविली आहेत.

३. अव्यक्त घटक

शेजाऱ्यांची रीत समजण्यास सोपी, पण कोष्टक विरळ असले की ती लंगडते. सेवा हजारो, एक ग्राहक त्यांतील मूठभरच वापरतो. ग्राहकांच्या ओळी आणि सेवांचे स्तंभ असे कोष्टक मांडले, तर त्यातील बहुतेक घरे रिकामी असतात, आणि दोन ग्राहकांत समाईक असे काही सापडतच नाही.

यावरील उपाय भाषेच्या अभ्यासातून आधीच येऊन गेलेला होता. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अव्यक्त अर्थ-विश्लेषण' या पद्धतीत शब्दांच्या ओळी आणि लेखांचे स्तंभ असे प्रचंड कोष्टक घेऊन त्याचे दोन लहान कोष्टकांच्या गुणाकारात रूपांतर केलेले होते. हजारो शब्दांच्या मागे शंभर-दोनशे अव्यक्त अर्थघटक आहेत असे मानावे, आणि प्रत्येक शब्दात व प्रत्येक लेखात ते घटक किती प्रमाणात आहेत ते काढावे, अशी ती दृष्टी. शब्दाच्या जागी ग्राहक आणि लेखाच्या जागी सेवा ठेवली, की शिफारशीचे गणित तयार होते. हॅरिस शब्दास त्याच्या परिसरावरून ओळखू पाहत होते. येथे सेवा तिच्या ग्राहकांवरून आणि ग्राहक त्याच्या सेवांवरून ओळखला जातो.

या रीतीस लोकप्रियता मिळाली ती एका स्पर्धेने. नेटफ्लिक्स या कंपनीने ऑक्टोबर २००६ मध्ये सुमारे ४,८०,००० ग्राहकांनी १७,७७० चित्रपटांस दिलेले सुमारे दहा कोटी गुण खुले केले, आणि आपल्या अंदाजापेक्षा दहा टक्के सरस अंदाज करणारास दहा लक्ष डॉलर देऊ केले. हे पारितोषिक २००९ च्या सप्टेंबरात दिले गेले. विजयी संघाच्या कृतीत शेकडो रीतींचे मिश्रण होते. तथापि कोष्टकाचे घटकांत विभाजन ही त्यांतील मध्यवर्ती रीत होती.

वेबसेवांच्या बाबतीत हे गणित कसे बसते ते हाँगकाँगच्या संशोधकांनी खुल्या केलेल्या मापनसंग्रहावरून पाहता येते. 'प्लॅनेटलॅब' या विद्यापीठांच्या सामायिक संगणकजाळ्यातील सुमारे ३० देशांतील ३३९ संगणकांनी सत्तराहून अधिक देशांतील ५,८२५ वेबसेवांस मागण्या केल्या आणि प्रत्येक वेळी प्रतिसादकाल व माहिती वाहून नेण्याचा वेग टिपला. काही मागण्या निष्फळ गेल्या, तरी तत्त्वतः या कोष्टकात १९,७४,६७५ घरे आहेत. आता असे मानू या की अव्यक्त घटक दहाच आहेत. प्रत्येक ग्राहकास दहा अंक आणि प्रत्येक सेवेस दहा अंक. एकूण अंक ६१,६४०. म्हणजे वीस लक्ष घरांच्या कोष्टकाचा मथितार्थ त्याच्या सुमारे तीन टक्के अंकांत सांगण्याची ही महत्त्वाकांक्षा आहे. कोणत्याही ग्राहकाचा कोणत्याही सेवेचा अंदाज हवा असेल, तर त्या दोघांचे दहा-दहा अंक जोडीजोडीने गुणावे व गुणाकारांची बेरीज घ्यावी.

हे अंक यंत्र शोधते ते चाचपडत. आरंभी कसेही लहान अंक घेतले जातात. एक भरलेले घर घेऊन अंदाज व सत्य यांतील फरक पाहिला जातो, आणि तो फरक किंचित कमी होईल अशा दिशेने त्या ग्राहकाचे व त्या सेवेचे अंक हलविले जातात. मग दुसरे घर, मग तिसरे. सर्व घरे संपली की पुन्हा पहिल्यापासून. कोष्टकातील पाचच टक्के घरे भरलेली असतील, तर हाती सुमारे ९८,७०० मापे असतात आणि त्यांवरून ६१,६४० अंक ठरवावयाचे असतात. हे प्रमाण धोक्याचे आहे. मोकळे सोडले तर यंत्र त्या मापांची घोकंपट्टी करते. दिलेल्या घरांत बिनचूक आणि रिकाम्या घरांत बेताल. म्हणून अंक फार मोठे झाल्यास त्यांवर दंड बसविण्याची तरतूद करतात. विद्यार्थ्यास मोजकीच सूत्रे पाठ करण्याची मुभा द्यावी, म्हणजे तो उरलेले समजून घेईल, असा हा प्रकार.

हे दहा घटक म्हणजे नेमके काय, हे कोणी विचारू नये. एखादा अंतराशी निगडित असेल, एखादा सेवेच्या यंत्राच्या बळाशी. पण यंत्र त्यांस नावे देत नाही, आणि संशोधक नावे देऊ लागले की बहुधा कल्पना अधिक व पुरावा कमी असतो.

४. रिकामी घरे

या रीतींची परीक्षा ठरावीक पद्धतीने होते. भरलेल्या कोष्टकातून नव्वद किंवा पंचाण्णव टक्के घरे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी झाकावयाची, उरलेल्यांवरून त्यांचा अंदाज करावयाचा, आणि अंदाज व सत्य यांतील फरकांची सरासरी काढावयाची. ज्या रीतीची सरासरी कमी, ती श्रेष्ठ. निबंधामागून निबंध या एका अंकाच्या तिसऱ्या दशांशस्थानासाठी झगडताना दिसतात. ग्राहकास तिसऱ्या दशांशस्थानाशी कर्तव्य नसते. दोन सेवांत पुढची कोणती एवढेच त्यास हवे असते, आणि सरासरी फरक कमी असूनही क्रम चुकू शकतो. शिवाय माप हे एका घटकेचे असते. सकाळी शीघ्र असलेली सेवा सायंकाळच्या गर्दीत मंद होते. त्याच संशोधकांच्या दुसऱ्या संग्रहात १४२ ग्राहक व सुमारे ४,५०० सेवा यांची मापे दर पंधरा मिनिटांस एक अशी ६४ वेळा, म्हणजे सोळा तासांची, घेतलेली आहेत. काळाचा विचार करणाऱ्या रीती त्यावर पारखल्या जातात.

परंतु सर्वांत मोठी अडचण चिठ्ठ्या टाकण्यातच आहे. प्रयोगशाळेत घरे रिकामी होतात ती योगायोगाने. व्यवहारात ती योगायोगाने रिकामी राहत नाहीत. ज्या सेवेचे नाव झाले, तिचा स्तंभ भरतो. ज्या ग्राहकास सेवेने निराश केले, तो परत येत नाही, आणि त्याची ओळ तेथेच खुंटते. यंत्र भरलेल्या घरांवरून शिकते, शिफारस करते, शिफारशीमुळे तीच घरे आणखी भरतात. नव्या सेवेचा स्तंभ रिकामा म्हणून ती सुचविली जात नाही, आणि सुचविली जात नाही म्हणून स्तंभ रिकामाच राहतो.

भाषेच्या सेवांत हा प्रश्न तीव्र होतो, आणि येथे मराठीचाही संबंध येतो. २०२२ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'भाषिणी' या उपक्रमातून भारतीय भाषांतील बोलणे लिपिबद्ध करणाऱ्या व भाषांतर करणाऱ्या सेवा आज्ञावली-रचनाकारांस उपलब्ध होऊ लागल्या. खाजगी कंपन्यांच्याही अशा सेवा आहेत. समजा, पुण्यातील एक बँक आणि धुळ्याकडील शेतकऱ्यांस दूरध्वनीवरून पीकसल्ला देणारी एक संस्था, या दोघींना बोललेले मराठी लिहून देणारी सेवा हवी आहे. सर्व सेवांच्या वर्णनात 'मराठी' हा एकच शब्द आहे. तेव्हा वर्णनाची रीत येथे पहिल्याच पावलाला थांबते. अनुभवाची रीत पुढे जाते खरी, पण तिच्या हाती कोणता अनुभव येतो? प्रतिसादकाल यंत्र स्वतः टिपते. शब्द बरोबर उतरला की नाही, हे यंत्रास कळत नाही. ते कळण्यास कोणी मनुष्याने ऐकून ताडून पाहावे लागते, आणि तसे फारसे कोणी करीत नाही. अहिराणी वळणाने बोलणाऱ्या शेतकऱ्याचे वाक्य ज्या सेवेने भलतेच लिहिले, पण पाऊण सेकंदात लिहिले, ती कोष्टकात उत्तम सेवा म्हणून नोंदली जाते. तेच वाक्य दीड सेकंद घेऊन नीट लिहिणारी सेवा खाली जाते. शेतकरी दूरध्वनी ठेवून देतो. त्याची तक्रार कोणत्याच घरात उमटत नाही.

बँकेचे ग्राहक संख्येने अधिक असतील, तर घटकांचे अंक त्यांच्या बोलण्याकडे झुकतात. मालवणी वा वऱ्हाडी बोलणाऱ्यांसाठी सेवा निवडणाऱ्या संस्था थोड्या. त्यांस शेजारीही थोडे. क यास ख मिळाला म्हणून अंदाज साधला. ज्याला ख नाही, त्याला सरासरीवर सोडले जाते, आणि सरासरीने काय होते ते वर दिसलेच आहे.

यावर दोन उपाय हाताशी आहेत. पहिला, शिफारशीचा काही वाटा मुद्दाम अनोळखी सेवांसाठी राखावयाचा, म्हणजे रिकामी घरे हळूहळू भरतात. याहू कंपनीच्या मुखपृष्ठावरील बातम्यांच्या निवडीसाठी २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली रीत या प्रकारची आहे : ज्या बातमीविषयी यंत्रास अनिश्चितता अधिक, तिला ते थोडे झुकते माप देते. बातमीच्या बाबतीत चुकलेल्या प्रयोगाची किंमत क्षुल्लक असते. पैसे वळते करणाऱ्या किंवा रुग्णवाहिका बोलावणाऱ्या सेवेच्या बाबतीत ती ज्याच्यावर प्रयोग झाला त्याला भरावी लागते, म्हणून तेथे हा उपाय जपूनच योजला पाहिजे.

दुसरा उपाय अधिक कष्टाचा, पण भाषेच्या सेवांस अधिक योग्य. ग्राहकांच्या वापराची वाट न पाहता परीक्षेची सामग्री स्वतंत्रपणे तयार करावयाची : निरनिराळ्या भागांतील स्त्री-पुरुषांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून, त्याचे लेखन जाणकारांकडून तपासून घेऊन, तीच मुद्रिते ठरावीक काळाने प्रत्येक सेवेकडे पाठवावयाची आणि चुकलेले शब्द मोजावयाचे. मग कोष्टकाच्या ओळी ग्राहकांच्या न राहता बोलींच्या होतात, आणि एकही घर रिकामे राहत नाही. हे काम गणित्याचे कमी आणि बोलींचे सर्वेक्षण करणाऱ्याचे अधिक आहे. प्रत्येक मुद्रितासोबत बोलणाऱ्याचा तालुका, वय, शिक्षण, घरातील भाषा आणि बोलणे कोणत्या विषयावर होते, एवढी नोंद हवी. ती नसेल, तर चुकलेल्या शब्दांची संख्या हाती येते, पण ती ओळ कोणाची हे सांगता येत नाही.